थोरल्याचं नाव कागदावर नसतं

मेडस्टन, केंट (इंग्लंड)

रायगडावरच्या राज्याभिषेकाला हजर राहिलेला हेन्री ऑक्झिंडेन आपल्याला शाळेपासून माहीत असतो. ६ जून १६७४ रोजी त्याने महाराजांना लवून मुजरा केला, दुभाषा नारायण शेणव्याने नजराण्याची हिऱ्याची अंगठी उंच धरली, पुढे तहावर सह्या झाल्या आणि पुस्तकातला त्याचा परिच्छेद संपला. त्याचं घराणं या केंट परगण्यातलं. विंगम गावाजवळचं डीन हे त्यांचं ठाणं. महाराजांच्या १६६४ च्या स्वारीत सुरतेची इंग्रज वखार धरून बसलेला सर जॉर्ज ऑक्झिंडेन याच कुळातला. त्या वेळी वखारीत असलेला स्ट्रेनशॅम मास्टर हा या जॉर्जच्या सख्ख्या बहिणीचा मुलगा, पुढे मद्रासचा मुख्य कारभारी झाला. वशिला काही आपण शोधून काढलेला नाही. जॉर्ज १६६९ मध्ये सुरतेलाच वारला. तो आणि त्याचा भाऊ ख्रिस्तोफर यांची घुमटाची दुमजली कबर तिथे अजून उभी आहे.

साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या माणसाचा मामा कोण, बहीण कुठे दिली, हे इंग्रजांना इतकं बिनचूक कसं ठाऊक, असा प्रश्न मला इथे आल्यावर पडला. चाकणच्या वाहन कारखान्यात गुणवत्ता विभागात काम केलेल्या बाईला कागदपत्रांचं वेड असणारच. पण इथे ते वेड सार्वत्रिक आहे. निवृत्त झालेला इंग्रज एक तर बागकाम करतो, नाही तर पूर्वज शोधतो. बीबीसीवर २००४ पासून नामवंतांचे पूर्वज हुडकणारा कार्यक्रम चालू आहे आणि लोक तो कौतुकाने बघतात. परगण्याच्या दफ्तरखान्यात गेलं की पिकल्या केसांची मंडळी पेन्सिली घेऊन बसलेली दिसतात. पेनला बंदी असते, पाण्याच्या बाटलीलाही.

सुरुवात चर्चच्या नोंदवहीपासून होते. आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने १५३८ मध्ये हुकूम काढला की प्रत्येक गावच्या चर्चने बाप्तिस्मा, लग्न आणि दफन लिहून ठेवावं. पण त्या वहीत नाव आणि तारीख यापलीकडे फारसं काही नसतं. एकाच गावात चार जॉन आणि पाच थॉमस निघाले की शोध तिथेच अडतो. मग मृत्युपत्र काढायचं.

मृत्युपत्र सिद्ध करणं तेव्हा सरकारचं नव्हे, चर्चचं काम होतं. जानेवारी १८५८ पर्यंत ते तसंच चाललं. आपल्याकडे तालुका, जिल्हा, उच्च न्यायालय अशी उतरंड, तशी त्यांची आर्चडीकन, बिशप आणि आर्चबिशप यांची न्यायालयं. पैसेवाल्यांची, एकाहून जास्त बिशपांच्या हद्दीत मालमत्ता असणाऱ्यांची आणि परमुलखात मेलेल्यांची मृत्युपत्रं लंडनला, कँटरबरीच्या आर्चबिशपच्या न्यायालयात जात. सुरत-मुंबईत वारलेल्या कंपनीच्या नोकरांचे कागदही बहुधा तिथेच सापडतात. त्या न्यायालयाच्या नकलांच्या वह्या १३८४ पासूनच्या, लंडनजवळ क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. त्यात दहा लाखांहून जास्त मृत्युपत्रं आहेत. लहान शेतकरी, सुतार, विधवा यांची परगण्याच्या दफ्तरात. ज्याच्याकडे काहीच नव्हतं त्याने लिहून तरी काय ठेवायचं? मजुराचा वंश शोधणारा इथेही हात हलवत परत जातो. डेव्हन परगण्याची तर मोठीच हानी झाली. तिथली मृत्युपत्रं एक्सेटरला होती, आणि मे १९४२ च्या जर्मन बॉम्बहल्ल्यात ती जळाली.

एवढी माणसं मरण्याआधी कागद करायला का बसली? याचं उत्तर त्यांच्या वारसाहक्कात आहे. बाप काही न लिहिता गेला तर जमीन सगळी थोरल्या मुलाची. धाकट्यांची सोय, मुलींचा हुंडा, बायकोची राहती खोली यांसाठी बापाला एकेकाचं नाव घेऊन लिहावंच लागे. थोरल्याला जमीन आपोआप मिळायची, म्हणून कित्येक मृत्युपत्रांत त्याचा उल्लेखच नसतो. नवखा शोधक समजतो, थोरला वारला असणार किंवा बापाशी बिनसलं असणार. खरं तर तो घरातच, सगळ्यात सुखात असतो. एखाद्या मुलीला नुसता एक शिलिंग ठेवलेला दिसला तरी घाईने निष्कर्ष काढू नये. त्या मुलीला लग्नातच दिलेलं असायचं, आणि नाव विसरलो नाही हे दाखवायला हा शिलिंग. केंटची गंमत आणखी वेगळी. इथे ‘गॅव्हलकाइंड’ नावाची जुनी वहिवाट होती, जमीन सगळ्या मुलांत समान वाटायची. आपल्यासारखंच की! पण बड्या घराण्यांना वाटण्या परवडेनात. सोळाव्या शतकात त्यांनी पार्लमेंटकडून खास कायदे करवून आपल्या जमिनी त्या वहिवाटीतून सोडवून घेतल्या. बाकीच्यांना ती थेट १९२५ च्या कायद्यांपर्यंत लागू होती.

एक मृत्युपत्र जवळून पाहू, शेक्सपिअरचं. तीन कागद, तिन्हींवर त्याची सही, तारीख २५ मार्च १६१६, आधी लिहिलेला ‘जानेवारी’ खोडून ‘मार्च’ केलेला. नुकतंच लग्न झालेल्या धाकट्या ज्युडिथला रोख रक्कम, अटी घालून. जावई पसंत नव्हता असं लोक म्हणतात, अटी वाचल्यावर मलाही तेच वाटतं. बायकोला ‘दुसऱ्या क्रमांकाचा चांगला पलंग’, तोही ओळींमध्ये मागाहून घुसवलेला, आणि तिचं नाव कुठेच नाही, नुसतं ‘माझी बायको’. नातीला म्हटलंय पुतणी, कारण त्या काळी ते नातं असं सैल वापरत. शोधकाने इथे सावध राहायचं. घरदार, जमीनजुमला थोरल्या सुझानाला, तिच्यानंतर तिच्या पहिल्या मुलाला, दुसऱ्याला, असं करत सातव्या मुलापर्यंतची तजवीज. सुझानाला झाली एकच मुलगी आणि ती निपुत्रिक वारली. शेक्सपिअरचा थेट वंश १६७० मध्ये संपला.

बहीण जोन हिला वीस पौंड, भावाचे कपडे आणि वर्षाला बारा पेन्स भाड्याने जुन्या घरात हयातभर राहण्याचा हक्क. तिच्या तीन मुलांना पाच-पाच पौंड. त्यातल्या विल्यमचं नाव आहे, मायकेलचं आहे, आणि मधल्या भाच्याच्या जागी कागद कोरा आहे. मामाला नाव आठवलं नाही की कारकुनाला ऐकू आलं नाही, देव जाणे. त्या भाच्याचं नाव थॉमस, हे चर्चच्या वहीवरून कळतं. पुढे वंश चालला तो याच थॉमसचा. शेक्सपिअरचं जन्मघर १८०६ पर्यंत थॉमसच्या वंशजांकडे होतं.

मला यावरून आमच्या खेड तालुक्यातल्या शेताचा जुना सात-बारा आठवतो. त्यावर आजोबांच्या थोरल्या भावाचं नाव आणि पुढे तीन अक्षरं, ‘ए.कु.मॅ.’, म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. बाकीचे भाऊ त्या तीन अक्षरांच्या पोटात. चाकणला औद्योगिक वसाहतीसाठी जमिनी गेल्या तेव्हा किती घरांत या तीन अक्षरांवरून भाऊबंदकी झाली, ते परिसरातल्या वाचकांना मी काय सांगायचं! आत्यांची नावं आली तीही ‘इतर हक्क’ या रकान्यात, आणि बहुतेकींची हक्कसोड करून तिथूनही गेली. इंग्रजांच्या कागदावर थोरला दिसत नाही, आपल्या कागदावर तोच तेवढा दिसतो. मिताक्षरा या आपल्या जुन्या वारसापद्धतीत वडिलोपार्जित जमिनीवर मुलाला हक्क जन्मानेच मिळायचा, बापाने मरताना लिहून ठेवण्याजोगं काही उरतच नव्हतं. म्हणून आपल्याकडे माणसाचं नाव कागदावर आलं ते वाद झाला किंवा सरकारने विचारलं तेव्हाच.

चिंचवडच्या देव घराण्याचंच बघा. मोरया गोसावींपासून धरणीधर महाराजांपर्यंतच्या सात पिढ्या आपल्या गावातल्या शेंबड्या पोरालाही सांगता येतात. १८१० मध्ये धरणीधर महाराज निपुत्रिक वारले आणि वारसाचा प्रश्न उभा राहिला. इनामं पुढे चालवायची तर वंशावळ आणि सनदा दाखवा, असं आधी पेशवे आणि नंतर कंपनी सरकार म्हणत राहिलं. १८५२ च्या कायद्याने तर इनाम कमिशनला चौकशीचे पुरते अधिकार मिळाले. त्यातून साठलेल्या पुण्याच्या दफ्तरातल्या कागदांवर लॉरेन्स प्रेस्टन यांनी या घराण्याचा इतिहास लिहिला. तो १९८९ मध्ये केंब्रिजहून छापला गेला. सनद कुठली, गाव कोणतं, उत्पन्न किती, हे त्यात भरपूर आहे. पण धरणीधर महाराजांनी घरातल्या बाईला कुठली पैठणी ठेवली किंवा चाकराला काय दिलं, असं विचारलं तर हे दफ्तर मुकं आहे. कारण सरकारला त्याच्याशी कर्तव्य नव्हतं.

इंग्रजी मृत्युपत्रात नेमकं हेच सापडतं. विधवेला माजघराची खोली, चुलीपाशी बसण्याची आणि विहिरीवर जाण्या-येण्याची मुभा, पण ‘पुन्हा लग्न करीपर्यंत’. आपल्या चोळी-बांगडीच्या हक्काची ही सख्खी बहीण. मृत्युपत्राबरोबर शेजारी घरात फिरून यादी करत. दिवाणखान्यात काय, दुधाच्या कोठीत काय, पितळेची किटली केवढ्याची, पिसांची गादी केवढ्याची. वंश शोधणाऱ्याला सगळ्यात फळतं ते मात्र बापाचं नाही, बिनलग्नाच्या आत्याचं किंवा निपुत्रिक काकाचं मृत्युपत्र. त्यांना सख्खी मुलं नसतात, म्हणून ते सगळ्या भाच्या-पुतण्यांना नावानिशी काही ना काही ठेवतात आणि तीन-चार घरं एका पानावर जोडली जातात. लग्न झालेल्या बाईचं मृत्युपत्र क्वचित. नवऱ्याच्या परवानगीशिवाय तिला ते करता येत नसे, १८८२ च्या कायद्याने ती आडकाठी गेली.

आमच्या नात्यातले लोकही सध्या पूर्वज शोधण्याच्या नादात आहेत, पण कारण वेगळं. २०२३ मध्ये मराठ्यांच्या कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमल्यापासून पणजोबांच्या नावापुढे ‘कुणबी’ सापडतं का, यासाठी लोक मोडी वाचणाऱ्याला घेऊन तहसिलात बसतात. २०२५ मध्ये सरकारने ‘जिवंत सात-बारा’ मोहीम काढली. मयतांची नावं काढून वारसांची लावायची होती. दोन्हींत कागद उलगडतात ते कामापुरते. दाखला मिळाला की पणजोबा पुन्हा गाठोड्यात.

इथे इंग्लंडात मात्र सिद्ध झालेलं मृत्युपत्र सार्वजनिक असतं. १८५८ नंतरचं कुणाचंही, शेजाऱ्याचं, बॉसच्या वडिलांचं, ठरलेली फी भरून मागवता येतं आणि कारण विचारलं जात नाही. आपल्याकडे कुणी असं केलं तर अख्खी सोसायटी बोलणं टाकेल. या मोकळेपणाला एकच कुंपण आहे, राजघराण्याचं. राणी एलिझाबेथचे पती प्रिन्स फिलिप २०२१ मध्ये वारले, तेव्हा न्यायालयाने त्यांचं मृत्युपत्र ९० वर्षं मोहोरबंद ठेवायचा हुकूम दिला. त्यांनी दुसऱ्या क्रमांकाचा पलंग कुणाला ठेवला, ते २१११ च्या आधी कळायचं नाही.