झाडीपट्टीच्या नाटकातील ठेका आणि बेसची ओळ

पूर्व विदर्भातील अर्जुनी मोरगाव ज्या झाडीपट्टीत मोडते, तेथे दिवाळीनंतर मंडईच्या, म्हणजे गावच्या जत्रेच्या, निमित्ताने रात्रभर रंगणाऱ्या नाटकांत गाणी रंगमंचावर प्रत्यक्ष गायली जातात, आणि त्यांचा तोल ठेक्याइतकाच बेसवर, म्हणजे खर्जातील आधारसुरांवर, अवलंबून असतो. केरवा तालाच्या आठ मात्रांत (धा गे न ति, न क धि न) डग्ग्याचा, म्हणजे तबल्याच्या जोडीतील खर्जाच्या वाद्याचा, घुमारा पहिल्या, दुसऱ्या व सातव्या मात्रेवर उमटतो. म्हणून सोपी ओळ बांधताना पहिल्या मात्रेवरचा षड्ज दोन मात्रा धरावा, सातवीवर मंद्र पंचम ठेवावा आणि मधली जागा मोकळी सोडावी. ती भरण्याचा मोह (नवख्या वादकाला तो होतोच) आवरलेला बरा, कारण एरवी गायकाचे शब्द झाकले जातात. स्वरमेळ, म्हणजे एकत्र वाजणारा सुरांचा गट, बदलला की षड्जाऐवजी त्या गटाचा मूळ सूर घ्यावा.