कार्ड घेण्याआधी कॅबिनेट उघडा

बारावीचा निकाल लागला की अमरावतीतल्या कॉम्प्युटरच्या दुकानांत एक प्रश्न हमखास ऐकू येतो : “भाऊ, चार जीबीचं कार्ड केवढ्याला?” घरच्या पीसीत प्रोसेसर कोणता, खेळायचं काय, मॉनिटर कुठला, यातलं काही सांगितलेलं नसतं. फक्त जीबी. मग दुकानदारही जीबीच विकतो, आणि त्यात त्याला फार दोषही देता येत नाही.

जीबी म्हणजे कार्डाची ताकद, हा या बाजारातला सगळ्यात जुना गैरसमज. कार्डावरची मेमरी ही खेळाचा माल ठेवायची जागा आहे. गोदाम मोठं बांधलं म्हणून जिनिंगमध्ये कापूस जास्त पिंजला जात नाही. वेग ठरतो तो चिपवर, आणि चिप व मेमरी यांच्यात सेकंदाला किती डेटा वाहतो त्यावर. २०१४ साली आलेलं जीटी ७३० आजही नवंकोरं विकायला असतं आणि त्याच्या खोक्यावर ऐटीत ‘४ जीबी’ छापलेलं सापडतं. त्याच्या ६४ बिट डीडीआर३ प्रकारात मेमरीचा वेग सेकंदाला १४.४ गिगाबाइट. २०१९ च्या जीटीएक्स १६५० वरही चारच जीबी, पण वेग १२८ गिगाबाइट. जवळजवळ नऊपट. वरच्या वर्गातही हेच दिसतं : आरटीएक्स ३०६० वर १२ जीबी आणि ३०६० टीआयवर ८, तरी बहुतेक खेळांत टीआयच पुढे असतं.

म्हणून जीबीला काही किंमतच नाही, असंही समजू नका. नवे मोठे खेळ १०८० पिक्सेलवरही चार जीबी सहज भरून टाकतात आणि मग चित्र अडखळत चालतं. आज नव्याने पैसे घालताना, मोठे खेळ खेळायचे असतील, तर आठच्या खाली जाऊ नये, असं माझं मत.

नाव सारखं म्हणजे कार्ड सारखं, हाही असाच एक भ्रम. जीटी १०३० आधी जीडीडीआर५ मेमरीसह आलं. पुढच्याच वर्षी, २०१८ मध्ये, त्याच नावाने डीडीआर४ मेमरीचं कार्ड विकायला निघालं. मेमरीचा वेग ४८ वरून १६.८ गिगाबाइटवर आला, नाव तेच. २०२२ चं आरटीएक्स ३०५० आठ जीबीचं होतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये सहा जीबीचं ३०५० आलं तेव्हा फक्त दोन जीबी कमी झाले नाहीत : कोअर २५६० चे २३०४ झाले आणि मेमरीची वाट १२८ वरून ९६ बिटवर आली. पण या धाकट्याची एक गोष्ट वरच्यापेक्षा बरी आहे. थोरलं १३० वॅट खातं, हे ७०. मदरबोर्डचा स्लॉट ७५ वॅट देतो, त्यामुळे याला बहुधा वेगळी पॉवरची वायर लागतच नाही. वऱ्हाडातल्या अर्ध्याअधिक बजेट पीसींसाठी हीच गोष्ट निर्णायक ठरते, कारण खरी अडचण एसएमपीएसमध्ये असते.

“माझा साडेचारशे वॅटचा आहे, चालेल ना?” चालेल की नाही ते त्या डब्याच्या अंगावर लिहिलेलं असतं, फक्त मोठ्या अक्षरांत नाही. कॅबिनेटची बाजूची पत्री काढा आणि एसएमपीएसवरचं स्टिकर वाचा. +१२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर आहेत ते बघा आणि त्याला बाराने गुणा. समजा तिथे १४ आहे : १६८ वॅट. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड या दोघांना मिळून जवळपास एवढंच मिळणार. वर साडेचारशे लिहिलंय की पाचशे, त्याने काही फरक पडत नाही. १३२ वॅटचं आरएक्स ६६०० अशा डब्यावर लावलं, तर खेळ रंगात आला की पीसी बंद पडतो आणि दोष कार्डाला लागतो. कॅबिनेटसोबत फुकट आलेला एसएमपीएस याच जातीचा असतो. त्यावर कार्डाची सहा पिनची वायर नसेल, तर कोणीतरी हार्डडिस्कच्या साटा वायरीवरून कन्व्हर्टर लावून देतो. साटा प्लग १२ व्होल्टवर साडेचार अँपिअरसाठी, म्हणजे ५४ वॅटसाठी बनलेला. सहा पिनवर कार्ड ७५ वॅटपर्यंत ओढू शकतं. वितळलेले प्लग असेच तयार होतात.

उलटी भीतीही तितकीच खोटी : एसएमपीएस मोठा घेतला की वीजबिल वाढतं. तो पीसीला लागेल तेवढीच वीज घेतो. आणि आरएक्स ६६०० साठी एएमडी स्वतः ४५० वॅट पुरे म्हणते, तेव्हा सातशे-आठशेच्या मागे लागायचं कारण नाही. साडेचारशे खरे असले की झालं. यूपीएसचं गणित मात्र विसरलं जातं. घरोघरी दिसणारा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅट पेलतो, मॉनिटरसकट. वीज गेल्यावर खेळ सेव्ह करून बंद करायला तो पुरतो, मॅच संपवायला नाही.

ऑफिसांतून निघालेले जुने डेल ऑप्टिप्लेक्स इकडे खूप खपतात. ९०२० ची छोटी पेटी घेतली, तर तिचा एसएमपीएस २५५ वॅटचा, वायरी डेलच्या स्वतःच्या ठेवणीच्या, आणि आत फक्त लो प्रोफाइल कार्ड बसतं. तिथे सहा जीबीचं ३०५० लो प्रोफाइल पट्टीसह मिळालं तर उत्तम. ‘मोठं कार्ड घे, बसेल कसंतरी’ हा सल्ला तिथे कापूनही बसत नाही. शिवाय ती पेटी चौथ्या पिढीच्या इंटेलची. मायक्रोसॉफ्टच्या यादीप्रमाणे विंडोज ११ ला आठव्या पिढीपासूनचं इंटेल लागतं, आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्यावर महागडं कार्ड चढवण्याआधी याचा विचार करा.

“कोणतंही कार्ड कोणत्याही बोर्डावर चालतं” हे बहुतांशी खरं आहे, पण आरएक्स ६५०० एक्सटीला ते भोवतं. त्याला पीसीआयईच्या चारच लेन आहेत. चौथ्या पिढीच्या स्लॉटवर त्या निभावतात. ए३२० किंवा बी४५० सारख्या तिसऱ्या पिढीच्या बोर्डावर तीच वाट निम्मी होते, आणि चार जीबी भरले की फ्रेम कोसळतात.

व्हॅलोरंट अडकतंय म्हणून कार्ड बदलणाऱ्यांनी आधी एक फुकटची चाचणी करावी. खेळाचं रिझोल्यूशन खाली आणा. फ्रेम वाढल्या तर कार्ड दमलंय. वाढल्या नाहीत तर प्रोसेसर किंवा रॅम. व्हॅलोरंट आणि काउंटर-स्ट्राइक हे प्रोसेसरवर भार टाकणारे खेळ आहेत, त्यामुळे अनेकदा उत्तर दुसरं निघतं. आणि हो, मॉनिटरची केबल मदरबोर्डऐवजी कार्डात लावलीय ना, तेही बघून घ्या.

आता उन्हाळा. इंटरनेटवर कार्डांच्या ज्या चाचण्या दिसतात, त्या बहुतेक थंड खोलीतल्या असतात. कार्डाचे पंखे त्याला खोलीच्या तापमानापेक्षा थंड करू शकत नाहीत. ते फक्त फरक आटोक्यात ठेवतात. पंचविशीच्या खोलीत ७० अंशांवर चालणारं कार्ड अकोल्याच्या मे महिन्यात, वरच्या मजल्यावरच्या चाळिशीच्या खोलीत, ८५ कडे जातं. एनव्हिडियाची बरीच कार्डं ८३ च्या आसपास स्वतःहून वेग उतरवायला लागतात. ते जळत नाही, सुस्तावतं.

यावर इकडचा लाडका उपाय म्हणजे कॅबिनेटचं झाकण काढून कूलरची हवा थेट आत सोडणं. कोरड्या हवेत कूलर खोली छान गार करतो, आणि खोली गार झाली की कार्डालाही आराम पडतो. पण झोत थेट आत गेला, तर वाफेबरोबर उडणारे पाण्याचे थेंबही आत जातात. पूर्णेच्या खोऱ्यात, अमरावती-अकोला-बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात, कूलरमध्ये बोअरचं पाणी असेल तर कूलरच्या जाळीवर साचलेला पांढरा थर एकदा हात लावून बघा. तेच थेंब सर्किटवर वाळले की तोच क्षार तिथे बसतो, आणि ओल धरली की गंज चढतो. कूलर खोलीसाठी ठेवा, पीसी झोतापासून बाजूला. मॉनिटर ६० हर्ट्झचा असेल तर फ्रेमही ६० वर बांधून टाका. १४० फ्रेम काढून ८० तो दाखवणारच नाही, उष्णता मात्र पूर्ण १४० ची होईल.

उरलं जुनं कार्ड. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमने कार्डांवरचं मायनिंग बंद केलं आणि त्यातली ढिगाने कार्डं बाजारात आली. मायनिंगचं म्हणजे मेलेलंच, असं नाही. बहुतेकदा पंख्याची बेअरिंग आणि थर्मल पेस्ट गेलेली असते, दोन्ही बदलता येतात. खरी फसवणूक वेगळीच आहे : जुन्या चिपचा बायोस बदलून तिला जीटीएक्स १०५० टीआय म्हणून विकणं. जीपीयू-झेड नावाचा फुकट प्रोग्राम अशी कार्डं ओळखून ‘फेक’ म्हणून दाखवतो, तेव्हा पैसे देण्याआधी तो दुकानातच चालवायला लावा आणि पंधरा-वीस मिनिटं एखादा जड खेळ पळवा. स्वस्तात दिसणाऱ्या आरएक्स ५८० वर ‘२०४८ एसपी’ लिहिलंय का, तेही वाचा. मूळ ५८० चे २३०४ होते. शिवाय ५८० वर आठ जीबी असले तरी किरणांचा हिशेब करणारं, म्हणजे रे ट्रेसिंगचं, हार्डवेअर त्यात नाही, आणि डिसेंबर २०२४ मध्ये आलेला इंडियाना जोन्सचा खेळ त्याशिवाय चालत नाही. त्याच्या किमान यादीत आरएक्स ६६०० आहे. जीटीए ५ आणि व्हॅलोरंटवर भागणाऱ्याचं मात्र ५८० वर काहीच अडत नाही, एसएमपीएसने १८५ वॅट दिले तर.