जुन्या कॅसेटी आणि घरचा संगणक

अनेक घरांच्या माळ्यावर एक पेटी धूळ खात पडलेली असते. तिच्यात काळ्या प्लॅस्टिकच्या, पुस्तकाएवढ्या आकाराच्या दहापाच व्हिडिओ कॅसेटी असतात. एकीवर कोणाच्या लग्नाची तारीख असते, दुसरीवर कोणाच्या मुंजीची. त्यांतली कितीतरी माणसे आज हयात नाहीत. त्यांची छायाचित्रे भिंतीवर आहेत. पण त्यांची चालण्याची ढब, हसणे आणि आवाज मात्र त्या अर्ध्या इंच रुंदीच्या फितीवरच उरले आहेत. म्हणून आजचा विषय दिसायला यंत्राचा असला, तरी तो केवळ यंत्राच्या हौशीचा आहे असे आम्ही मानत नाही.

व्हीएचएस पद्धतीची कॅसेट जपानमध्ये १९७६ साली आली. आपल्याकडे १९८२ च्या दिल्लीतील आशियाई क्रीडास्पर्धांच्या सुमारास रंगीत दूरचित्रवाणी सुरू झाली आणि पुढे लग्नकार्यांत व्हिडिओवाला दिसू लागला. फीत म्हणजे प्लॅस्टिकची पातळ पट्टी व तिच्यावर चिकटवलेले चुंबकीय कण. काळाच्या ओघात त्यांचे चुंबकत्व मंदावते, चिकटवणारा थर दमट हवेने बिघडतो आणि मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात तर फितीवर पांढरी बुरशी धरते. शिवाय व्हीएचएस यंत्रे बनवणारी फुनाई ही अखेरची जपानी कंपनी. तिनेही २०१६ साली उत्पादन थांबवले. फीत टिकली तरी ती वाचणारे यंत्र मिळेलच, याची खात्री उरलेली नाही.

आता मुख्य अडचण पाहू. फितीवरचे चित्र लहरींच्या रूपात असते. संगणकाला तर आकड्यांवाचून दुसरी भाषा कळत नाही. म्हणून दोघांमध्ये एक दुभाषा बसवावा लागतो. त्यालाच कॅप्चर उपकरण म्हणतात. व्हीसीआरची पिवळी तार चित्र आणते, लाल व पांढरी तार आवाज आणते आणि उपकरण त्यांचे आकडे करून संगणकाच्या हवाली करते. यंत्राला एस-व्हिडिओची सोय असेल, तर पिवळ्या तारेऐवजी ती वापरावी. तिच्यात प्रकाश आणि रंग वेगवेगळ्या वाटांनी येतात व चित्र स्वच्छ दिसते.

पण फीत थांबत नाही, हे ध्यानात ठेवले पाहिजे. नळाला पाणी आले की एक घागर भरताच दुसरी पुढे सरकवावी लागते. हात जरा रेंगाळला की पाणी वाया जाते. इथे तसेच आहे. आपल्याकडच्या पाल पद्धतीत दर सेकंदाला २५ चित्रे येतात. एका चित्राचे आडवे ७२० आणि उभे ५७६ बिंदू धरले व प्रत्येक बिंदूला दोन बाइट दिले, तर सेकंदाला सुमारे २ कोटी ७ लाख बाइट आणि तासाला जवळजवळ ७५ गिगाबाइट होतात. काहीही न गमावता आकुंचन करणारी पद्धत वापरली, तर हा भार निम्म्याच्या आसपास येतो. डीव्ही पद्धतीत तो तासाला सुमारे १३ गिगाबाइट भरतो, मात्र तीत थोडा तपशील जातो.

तेव्हा संगणकाची पहिली तयारी जागेची. ज्या डिस्कवर संगणकाची कार्यप्रणाली आहे, तीवर मुद्रण न करता त्यासाठी वेगळी, मोकळी हार्ड डिस्क ठेवावी. ती फॅट३२ पद्धतीने आखलेली असेल, तर एकच फाइल ४ गिगाबाइटच्या पुढे वाढू शकत नाही. विंडोजवर एनटीएफएस आखणी करावी. दुसरी तयारी एकाग्रतेची. विषाणूशोधक तपासणी, आपोआप होणारी अद्ययावती, संगणकाचे आपोआप झोपी जाणे, हे सारे तेवढ्यापुरते बंद करावे आणि इंटरनेट तोडावे. उपकरण जोडणीच्या डब्यातून न जोडता थेट संगणकाच्या यूएसबी खोबणीत लावावे.

हे आम्ही ठेच लागून शिकलो. घरच्या एका लग्नाची कॅसेट आम्ही प्रथम उतरवली, तेव्हा मागे संगणकाची अद्ययावती चालू होती. सुरुवातीला सारे ठीक दिसले. तासाभराने पाहतो तो आजीचे ओठ आधी हलत आणि शब्द मागाहून येत! हिशेब साधा होता: पन्नास चित्रे गळाली की चित्रपट दोन सेकंदांनी आखूड होतो, आवाज मात्र पूर्ण लांबीचा राहतो. ती कॅसेट पुन्हा चालवावी लागली. जीर्ण फितीला अशी प्रत्येक फेरी महाग पडते, हे आम्हाला त्या दिवशी कळले.

म्हणून सराव नेहमी बिनमहत्त्वाच्या कॅसेटीवर करावा. दहा मिनिटे उतरवून गळलेल्या चित्रांचा आकडा पाहावा. तो शून्य हवा. चित्र थरथरत असेल, तर कालमेळ सुधारणारे उपकरण मध्ये जोडावे लागते. मूळ कॅसेट लावण्यापूर्वी ती एकदा शेवटपर्यंत पुढे आणि पुन्हा मागे गुंडाळावी. बुरशी दिसली तर मात्र ती यंत्रात घालूच नये. ती यंत्राच्या डोक्याला लागून पुढच्या कॅसेटींनाही ग्रासते. अशी कॅसेट जाणकाराकडून स्वच्छ करून घ्यावी.

उतरवलेली फाइल हाती आली की डीव्हीडीचे काम सोपे असते. साध्या डीव्हीडीवर ४.७ गिगाबाइट मावतात. एक तास उत्तम प्रतीत बसतो, दोन तास ठीक प्रतीत बसतात. तीन तासांची कॅसेट दोन डिस्कांत विभागणे बरे. मात्र घरी लिहिलेल्या डिस्कवरचा रंगद्रव्याचा थर ऊन आणि उष्णता यांनी बिघडतो. म्हणून मूळ फाइल हार्ड डिस्कवर जपावी, एक प्रत दुसऱ्या गावच्या नातलगाकडे ठेवावी आणि कॅसेटही टाकून देऊ नये.

शेवटी एक विनंती. डिस्क तयार झाली की ती घरातल्या सर्वांत वडील माणसासमोर लावावी आणि वही घेऊन बसावे. मांडवाच्या कोपऱ्यात उभी असलेली ती लुगड्यातली बाई कोण, हे संगणक सांगू शकत नाही. आत्या सांगू शकतात. त्या सांगतील ती नावे त्याच दिवशी लिहून डिस्कच्या डबीत ठेवावीत.