टोपीचं माप सांगा, साहेब!

मोठमोठे पुढारी एकेक करून समोर येऊन बसतायत आणि चित्रकार त्यांना विचारतोय की उंची किती, वजन किती, आणि हो, टोपीचं माप किती? शिंप्याला शोभतील असे हे प्रश्न विचारणारा होता टॉम रॉबर्ट्स. देश ऑस्ट्रेलिया, साल १९०१.

त्याच्या आदल्या वर्षापर्यंत ऑस्ट्रेलिया हा एक देश नव्हताच, बरं का! न्यू साउथ वेल्स, व्हिक्टोरिया, क्वीन्सलँड, साउथ ऑस्ट्रेलिया, वेस्टर्न ऑस्ट्रेलिया आणि टास्मानिया अशा सहा वेगवेगळ्या ब्रिटिश वसाहती होत्या. प्रत्येकीचं सरकार निराळं, टपालाची तिकिटं निराळी, सीमेवर जकात. रूळसुद्धा निराळे! दोन रुळांमधलं अंतर व्हिक्टोरियात १६०० मिलिमीटर, तर शेजारच्या न्यू साउथ वेल्समध्ये १४३५. मग मेलबर्नहून सिडनीला निघालेल्यांनी ऑल्बरी स्टेशनात सामानसुमान उचलून गाडी बदलायची. देश एक झाल्यावरही ही कटकट सुटायला १९६२ उजाडलं.

१ जानेवारी १९०१ला या सहा वसाहतींचा एक देश झाला. ९ मे रोजी मेलबर्नच्या भल्यामोठ्या प्रदर्शन भवनात पहिल्या संसदेचं उद्घाटन झालं, तेही पुढे पाचवा जॉर्ज म्हणून राजा झालेल्या राजपुत्राच्या हस्ते. हजारो पाहुणे जमले होते. पण एक गोष्ट मला फार खुपते. हजारो वर्षांपासून त्या भूमीवर राहणाऱ्या आदिवासींना देशाच्या लोकसंख्येत मोजायचं नाही, असं नव्या राज्यघटनेत लिहिलेलं होतं. ते कलम निघालं १९६७मध्ये.

या सोहळ्याचं एक मोठं चित्र काढून घ्यावं आणि त्याच्या छापील प्रती आठवण म्हणून विकाव्यात, अशी कल्पना काही मंडळींनी काढली. म्हणजे चित्रातला माणूस ओळखू यायलाच हवा! म्हणून तर रॉबर्ट्सची ती चौकशी. त्याने अडीचशेहून जास्त चेहरे ओळखू येतील असे रंगवले. कापडाचे तीन तुकडे जोडून केलेलं ते चित्र सुमारे तीन मीटर उंच आणि पाच मीटर रुंद आहे. ते पुरं झालं १९०३मध्ये, लंडनला. सोहळ्याच्याच वर्षी, म्हणजे १९०१च्या जानेवारीत राणी व्हिक्टोरिया वारली होती, म्हणून सोहळ्याला बहुतेक पाहुणे काळ्या शोकवस्त्रांत आले होते. एवढ्या काळोख्या गर्दीत नजर कुठे ठरणार? रॉबर्ट्सने उजेडाचा एक झोत नेमका राजपुत्राच्या बाजूला सोडला.

आता खरी जादू. एवढं मोठं चित्र कागदावर कसं छापायचं? त्या काळी यासाठी फोटोग्रॅव्ह्यूर नावाची पद्धत होती. आधी चित्राचा फोटो काढून त्याची पारदर्शक प्रत करायची. तिच्यातून जिलेटिनच्या थरावर प्रकाश पाडायचा. हे जिलेटिन खास तयार केलेलं, उजेड लागला की कडक होणारं! मग राळेची बारीक भुकटी बसवलेल्या तांब्याच्या पत्र्यावर हा थर चिकटवायचा आणि गरम पाण्याने धुवायचा. चित्रातल्या उजळ जागी भरपूर प्रकाश पोचलेला असतो, तिथे जिलेटिनचा जाड थर टिकतो. काळ्या जागी प्रकाश कमी, म्हणून धुतल्यावर थर पातळ उरतो. मग वरून तांबं खाणारं रसायन ओतायचं. पातळ थरातून ते झटकन आत शिरतं आणि खोल खड्डे करतं. जाड थरातून उशिरा शिरतं, तिथे खड्डे उथळ. हे खड्डे इतके बारीक की नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत!

पुढे पत्र्यावर शाई चोपडायची आणि वरची पुसून काढायची. खड्ड्यांत अडकलेली शाई मात्र तिथेच राहते. ओलसर कागद ठेवून जोरात दाबलं की तो ती ओढून घेतो. खोल खड्ड्यातून जास्त शाई, म्हणून गडद काळा कोट. उथळ खड्ड्यातून थोडीशीच, म्हणून गोरा गाल. मधल्या सगळ्या करड्या छटाही अशाच, खड्ड्याच्या खोलीवर ठरणाऱ्या.

मूळ चित्र आज कॅनबेरातल्या संसद भवनात लावलेलं आहे.

हल्लीच्या मासिकांत चित्रं दुसऱ्याच पद्धतीने छापतात. एखादं रंगीत चित्र भिंगाखाली धरा. निळसर, गुलाबी, पिवळे आणि काळे ठिपके रांगेत बसलेले दिसतील. त्यांत हिरवा ठिपका एकही नाही. मग झाडाची पानं हिरवी कशी दिसतात? भिंग जरा वर-खाली करून शोधा पाहू!