वाळवंटातले ग्रहण ठाण्याच्या माथ्यावर

ठाणे, प्रतिनिधी : सूर्याच्या उत्तरायणाचा आरंभ आणि खग्रास चंद्रग्रहण एकाच दिवशी येण्याचा योग अत्यंत दुर्मीळ. २१ डिसेंबर २०१० रोजी तो जुळून आला. त्याआधी तो १६३८ मध्ये आला होता, यापुढे २०९४ मध्ये येईल. २०१०चे ते ग्रहण ठाणे, कल्याण, डोंबिवलीकरांना दिसले नाही. चंद्र पृथ्वीच्या छायेत पूर्ण बुडाला तेव्हा येथे भर दुपार होती. मात्र त्याच मालिकेतील पुढचे ग्रहण ३१ डिसेंबर २०२८च्या रात्री येथून दिसणार आहे.

अमेरिकेत त्या वेळी मध्यरात्र होती. तेथील युटा राज्याच्या निर्जन वाळवंटात नॅन्सी होल्ट या शिल्पकर्तीची ‘सन टनेल्स’ ही कलाकृती आहे. प्रत्येकी १८ फूट लांबीचे काँक्रीटचे चार बोगदे, १९७६ मध्ये पूर्ण झालेले. जून आणि डिसेंबरमधील अयनदिनांच्या सुमारास सूर्य नेमका या बोगद्यांच्या तोंडातून उगवता-मावळताना दिसतो.

चंद्रग्रहणात सूर्य आणि चंद्र पृथ्वीच्या विरुद्ध बाजूंना असतात. डिसेंबरअखेर सूर्य दक्षिणेच्या टोकाला, म्हणून पौर्णिमेचा चंद्र उत्तरेच्या टोकाला. जूनमधला सूर्य जेथून उगवतो, जवळपास तेथूनच हा चंद्र उगवतो. वाळवंटातील जो बोगदा उन्हाळ्यातल्या सूर्योदयासाठी रोखला आहे, त्याच दिशेने तो वर येतो.

ठाण्याचे अक्षांश सुमारे १९ अंश उत्तर. त्यामुळे असा चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास येथे जवळजवळ डोक्यावर येतो. पावसाळ्यातील पौर्णिमेचा चंद्र दक्षिणेकडे कललेला असतो, शिवाय ढगांचे सावट. २७ जुलै २०१८चे दीर्घ खग्रास ग्रहण ऐन पावसाळ्यातच आले होते. ग्रहणदर्शनासाठी आपल्याकडे डिसेंबर सर्वांत अनुकूल, तो यामुळेच.

ग्रहणांची पुनरावृत्ती ‘सारोस’ चक्रानुसार, म्हणजे सुमारे १८ वर्षे ११ दिवस ८ तासांनी होते. या जादा आठ तासांत पृथ्वी एक तृतीयांश फेरी अधिक फिरते आणि ग्रहण दुसऱ्या भूभागावर दिसते. २०१०मध्ये अमेरिकेच्या वाट्याला आलेला सोहळा २०२८मध्ये आपल्या वाट्याला येतो, तो असा.

त्या रात्री साडेआठनंतर चंद्रावर छाया चढू लागेल. सुमारे पावणेदहा ते अकरा या वेळेत तो पूर्णतः झाकोळून तांबूस दिसेल, कारण पृथ्वीच्या वातावरणातून वाकलेला लाल प्रकाशच तेवढा त्याच्यापर्यंत पोहोचतो. बाराच्या सुमारास, नववर्ष उजाडत असतानाच, छाया सुटेल.

हे ग्रहण उघड्या डोळ्यांनी निर्धोकपणे पाहता येईल. मात्र चंद्र उंचावर असल्याने सदनिकेच्या खिडकीऐवजी गच्ची गाठावी. खग्रास अवस्थेत चंद्रप्रकाश ओसरल्यावर मृग आणि मिथुनातील अंधुक तारेही पाहायचे असतील, तर बदलापूरपलीकडचे, आकाशनिरीक्षकांच्या परिचयाचे वांगणी हा चांगला पर्याय ठरेल.