ओळीतून पिनकोड वेचताना

पावणे एमआयडीसीतल्या गोदामांत माल चलनासकट येतो आणि चलनावरचा पत्ता ज्याने त्याने आपल्या पद्धतीने टाइप केलेला असतो. प्लॉट नंबर, टीटीसी इंडस्ट्रियल एरिया, पावणे, नवी मुंबई, पिन, मोबाइल, सगळं एकाच रकान्यात. गाडी कुठल्या रूटला लावायची ते पिनकोडवर ठरतं. म्हणून त्या लांबलचक ओळीतून तेवढे सहा आकडे बाहेर काढायचे. हे काम मी रेजेक्सने, म्हणजे मजकुरात ठरावीक नमुना शोधणाऱ्या सूत्राने करतो.

पहिला पॅटर्न सोपा: सलग सहा आकडे. पण सलग सहा आकडे मोबाइल नंबरातही असतात आणि ओळीत तो आधी आला की त्याचेच हाती लागतात. मग अट घालायची, की या सहांच्या मागेपुढे आकडा नको. पिन शून्याने सुरू होत नाही, तेव्हा पहिला आकडा १ ते ९. कोणी ‘४०० ७०५’ असं तोडून लिहितं, म्हणून तिसऱ्या आकड्यानंतर एक मोकळी जागा चालवून घ्यायची. यातली एकही अट पुस्तकातून आलेली नाही. माणसं पत्ता कसा लिहितात हे बघत बसलं की त्या सुचतात. चलनावरच्या जीएसटी नंबराचं तसं नाही. त्याची १५ अक्षरं ठरलेली, पहिले दोन आकडे राज्याचे (आपले २७), तिसऱ्यापासून बाराव्यापर्यंत पॅन. त्या दहांभोवती कंस घातला की पॅन सुटा मिळतो.

खरा कस मराठी पत्त्यांत लागतो. पायथनच्या नेहमीच्या रेजेक्समध्ये ‘शब्दातलं अक्षर’ म्हणून बॅकस्लॅश डब्ल्यू लिहितात. अशी सलग अक्षरं ‘पावणे’मध्ये शोधली, तर ‘प’ आणि ‘वण’ असे दोन तुकडे परत येतात. काना आणि मात्रा युनिकोडमध्ये स्वतंत्र चिन्हं आहेत आणि हे साधन त्यांना अक्षर मानत नाही. आपल्या गावाचं नाव असं मोडलेलं बघवत नाही. आकड्यांसाठीचा बॅकस्लॅश डी मात्र त्याच पायथनमध्ये ‘४००७०५’ बिनतक्रार ओळखतो. जावास्क्रिप्टमध्ये तो देवनागरी आकडे सोडून देतो, तिथे ० ते ९ वेगळे सांगावे लागतात.

गावाच्या नावासाठी मी युनिकोडमधला देवनागरीचा पट्टाच पॅटर्नमध्ये लिहितो. तो ०९०० ते ०९७एफ असा आहे, पण पूर्ण घेतला तर दंड आणि आकडेही त्यात येतात आणि ‘पावणे४००७०५’ असं चिकटून लिहिलेलं सगळं गावाच्याच नावात जातं. म्हणून पट्टा ०९६३ वर थांबवायचा. मराठीचा ‘ॲ’ आकड्यांच्या पलीकडे, ०९७२ वर आहे. तो आठवणीने वेगळा जोडायचा.