अंतिम निर्णयालाही कारण हवे

९ एप्रिल १९५७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शब्दकोड्यांच्या बक्षीस स्पर्धांविषयी दोन निकाल दिले. दोन्हींत नाव होते आर. एम. डी. चमारबागवाला यांचे. बंगळूरहून निघणाऱ्या ‘स्पोर्टिंग स्टार’ या पत्रात त्यांची कोडी छापली जात आणि प्रवेशिका देशभरातून, अर्थात मुंबई राज्यातूनही, गोळा होत. मुंबई सरकारने १९४८ च्या लॉटरी व बक्षीस स्पर्धा कायद्यात १९५२ साली दुरुस्ती केली आणि राज्याबाहेर छापल्या जाणाऱ्या पत्रांतील स्पर्धांनाही कर लावला. चमारबागवालांचे म्हणणे असे, की हा आमचा व्यवसाय आहे आणि व्यवसायाचे स्वातंत्र्य घटनेने दिले आहे. सरकारचे म्हणणे असे, की हा जुगार आहे. रत्नागिरी जिल्हा तेव्हा मुंबई राज्यातच होता, त्यामुळे इथल्या कोडेप्रेमींनाही या वादाचा निकाल लागू होणार होता. शब्द ओळखण्याच्या खेळात निकालावरून होणाऱ्या भांडणांचा विचार करायचा, तर सुरुवात दूरदर्शनच्या पडद्यापासून करण्यापेक्षा या खटल्यापासून करणे अधिक फलदायी आहे. शब्द बरोबर की चूक हे ठरवणाऱ्याचा अधिकार कुठून येतो, हा प्रश्न त्यात स्वच्छपणे पुढे आला.

त्या कोड्यांची रचना अशी, की एका सूत्राला एकाहून अधिक शब्द लागू पडावेत आणि स्पर्धकाने त्यांतला एक निवडावा. बक्षीस मिळायचे ते संपादकाकडे आधीच ठेवलेल्या अधिकृत उत्तराशी जुळणाऱ्या प्रवेशिकेला. सरन्यायाधीश सुधी रंजन दास यांच्या निकालपत्राने नेमके याच जागी बोट ठेवले. ठेवलेले उत्तर हेच सर्वांत योग्य असेल याची खात्री नाही, आणि त्याहून चपखल शब्द सुचवणाराही हरू शकतो. म्हणजे स्पर्धक भाषेशी झुंजत नसून दुसऱ्याच्या मनातले ओळखत आहे. म्हणून ही स्पर्धा जुगार ठरली. न्यायमूर्ती वेंकटराम अय्यर यांनी लिहिलेल्या दुसऱ्या निकालात १९५५ चा केंद्रीय बक्षीस स्पर्धा कायदा तपासला गेला. महिन्याला एकूण हजार रुपयांहून अधिक बक्षिसे नकोत, दोन हजारांहून अधिक प्रवेशिका नकोत, अशा मर्यादा त्या कायद्यात होत्या. न्यायालयाने सांगितले, की या मर्यादा जुगारी स्वरूपाच्या स्पर्धांपुरत्या आहेत; ज्यांत यश मोठ्या प्रमाणात कौशल्यावर अवलंबून आहे, त्या स्पर्धांना त्या लागू नाहीत. कौशल्य आणि नशीब यांच्यातली ही रेघ पुढे अनेक खटल्यांत वापरली गेली. माझा मुद्दा असा, की शब्दखेळातल्या प्रत्येक वादग्रस्त निकालाला हीच कसोटी लावता येते. परीक्षक प्रामाणिक होता का, हा प्रश्न दुय्यम आहे. भाषेचे ज्ञान आणि आधी जाहीर झालेले नियम, एवढ्याच बळावर स्पर्धकाला त्या उत्तरापर्यंत पोचता आले असते का, हा पहिला प्रश्न आहे.

हा भेद महत्त्वाचा आहे, कारण दूरचित्रवाणीवरील खेळांचा इतिहास सहसा बेइमानीचा इतिहास म्हणून सांगितला जातो. अमेरिकेत ‘ट्वेंटी वन’ या प्रश्नमंजूषेतल्या चार्ल्स व्हॅन डोरेन या लाडक्या विजेत्याने १९५९ साली अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे कबुली दिली, की आपल्याला उत्तरे आधी पुरवली जात होती. १९६० साली तिथे कायदा झाला आणि अशी लबाडी गुन्हा ठरली. त्यामुळे चोरून मदत करण्याला आळा बसला, वाहिन्यांनी स्पर्धांवर स्वतंत्र देखरेख बसवली. परंतु हा कायदा कपटाविरुद्ध होता. परीक्षक सचोटीचा, प्रश्न गुप्त, मदत कुणालाच नाही, आणि तरीही उत्तर नाकारल्यावर प्रेक्षक अस्वस्थ होतात, अशा प्रसंगांवर त्याच्याकडे औषध नव्हते. पुढच्या दशकांत गाजलेले वाद याच दुसऱ्या जातीचे आहेत.

१९६१ साली सीबीएस या अमेरिकी वाहिनीवर सुरू झालेला ‘पासवर्ड’ हा या खेळांचा मूळपुरुष म्हणावा. सूत्रसंचालक ॲलन लडन. जोडीदाराने एका शब्दाची खूण द्यायची आणि दुसऱ्याने दडलेला शब्द ओळखायचा. खूण एकच शब्द हवी, दडलेल्या शब्दाचाच भाग खुणेत नको. नियम सोपा वाटतो, पण जोडशब्द एक मानायचा की दोन, हे परीक्षकाला क्षणात ठरवावे लागते. १९७३ साली आलेल्या ‘पिरॅमिड’ने अडचण वाढवली. तिथल्या शेवटच्या फेरीत खुणा देणाऱ्याने विषयाचे वर्णन करायचे नाही, फक्त त्यात बसणाऱ्या गोष्टींची यादी द्यायची. विषय ‘मऊ वस्तू’ असेल तर ‘कापूस, लोणी, उशी’ चालेल, ‘हाताला टोचत नाही ते’ चालणार नाही. हातवारे होऊ नयेत म्हणून हात खुर्चीच्या पट्ट्यांत अडकवलेले असत. हातांना लगाम घालणे सोपे होते. यादी कुठे संपते आणि वर्णन कुठे सुरू होते, ही सीमा मात्र परीक्षकाच्या कानावर सोपवलेली होती. अवैध खुणेचा इशारा वाजला की त्या विषयाचे पैसे गेले, आणि त्याबरोबर मोठे बक्षीसही. सीमारेषेवरच्या खुणेबाबत दोन समंजस माणसांचे मत वेगळे पडू शकते, हे लक्षात घेतले तर अशा खेळात वाद अपवाद म्हणून येत नाहीत, ते रचनेतूनच येतात.

उच्चाराच्या वादांत हे अधिक ठळक दिसते. २०१२ च्या डिसेंबरात ‘व्हील ऑफ फॉर्च्यून’ या अमेरिकी शब्दखेळात एका स्पर्धक स्त्रीने सगळी अक्षरे उघडलेले कोडे वाचताना ‘अ-स्विमिंग’ऐवजी ‘अ-स्विमिन’ असे म्हटले. शेवटचा ‘ग’ गळाला आणि उत्तर नाकारले गेले. तिने शब्द ओळखला होता यात कुणालाच शंका नव्हती; तिच्या भागातल्या लोकांचा तो रोजचा उच्चार होता. २०१८ च्या जानेवारीत ‘जेपर्डी’ या अमेरिकी प्रश्नमंजूषेत उलट घडले. एका गाण्याचे नाव ‘गँगस्टाज पॅराडाइज’ असे बोलीतल्या रूपात आहे. स्पर्धकाने ‘गँगस्टर्स’ असे प्रमाण रूप उच्चारले. आधी गुण मिळाले, मग थोड्याच वेळात परीक्षकांनी निर्णय फिरवून ३,२०० डॉलर काढून घेतले. कारण दिले गेले, की दोन्ही रूपे कोशात स्वतंत्र नोंदलेली आहेत. एका ठिकाणी बोलीचा उच्चार चूक ठरला, दुसऱ्या ठिकाणी प्रमाण उच्चार चूक ठरला. तरी या दोन निकालांचे वजन सारखे नाही. दुसऱ्या निकालामागे कोशाचा पुरावा होता आणि तो लोकांपुढे मांडला गेला; तो कुणाला पटो न पटो, तपासता तर येतो. पहिल्या निकालाला आधार होता तो उच्चार कानाला कसा लागला याचा. कान दाखवता येत नाही, कोश दाखवता येतो.

यावर पहिला आक्षेप असा येईल, की खेळ म्हणजे न्यायालय नव्हे. अर्ध्या तासाच्या कार्यक्रमात प्रत्येक शब्दावर सुनावणी घ्यायची तर खेळ उरणार नाही. आक्षेप वाजवी आहे, पण ज्यांनी ही अडचण सोडवली त्यांची उदाहरणे समोर आहेत. ‘जेपर्डी’मध्ये परीक्षक खेळ चालू असताना पडताळणी करतात, आणि चुकीच्या निर्णयामुळे निकाल बदलला असे नंतर आढळले तर स्पर्धकाला पुन्हा खेळायला बोलावण्याची प्रथा आहे. ब्रिटनमध्ये १९८२ पासून चालू असलेल्या ‘काउंटडाउन’मध्ये कोशाचा स्वतंत्र कोपराच असतो, तिथे बसलेला तज्ज्ञ ऑक्सफर्डचा कोश उघडून शब्द आहे की नाही ते सांगतो. स्क्रॅबलच्या स्पर्धांत शब्दयादी आधी ठरलेली असते आणि प्रतिस्पर्ध्याला आव्हान देता येते. अनेक ठिकाणच्या नियमांत आव्हान फुकट गेले तर आव्हान देणाऱ्याची पाळी जाते, त्यामुळे उगाच कुणी हात वर करत नाही. या तिन्ही व्यवस्थांनी खेळाची गती मारली नाही. उलट कोश उघडला जाण्याचा क्षण प्रेक्षकांना आवडू लागला.

दुसरा आक्षेप विरुद्ध बाजूने येतो. आधी जाहीर केलेला नियम काटेकोर पाळला की निर्दय निकाल लागतात. २०२१ च्या डिसेंबरात ‘व्हील ऑफ फॉर्च्यून’च्या शेवटच्या फेरीत एका स्त्रीने योग्य वाक्य ओळखले, परंतु शेवटच्या शब्दाआधी ती थांबली. उत्तर सलग हवे या नियमामुळे तिची मोटार गेली. लोकांनी नाराजी व्यक्त केली आणि ऑडी कंपनीने स्वतःहून तिला गाडी दिली. नियमामुळेच अन्याय झाला, असे यावरून म्हणता येईल. मला वाटते, इथे दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात. परीक्षकाने नियम पाळला हे योग्यच होते. त्या दिवशी तिला सूट दिली असती तर याआधी तशाच कारणाने हरलेल्यांवर अन्याय झाला असता. दोष नियमाच्या आशयात आहे. शब्द ओळखण्याच्या खेळात श्वास किती वेळ रोखला याला महत्त्व देणारा नियम खेळाच्या मूळ कौशल्याशी जुळत नाही. तो बदलायचा तर पुढच्या हंगामाआधी, सर्वांसाठी, जाहीरपणे बदलावा. दया आणि न्याय यांची गल्लत टाळण्याचा तेवढाच मार्ग आहे.

आता आपल्या घरचा विचार करू. मराठीत करोडपतीच्या धाटणीचे कार्यक्रम झाले. २०१३ चा ‘कोण होईल मराठी करोडपती’, २०१९ चा ‘कोण होणार करोडपती’. त्यांत चार पर्याय समोर असल्याने उच्चाराचा वाद उरत नाही, फार तर प्रश्नच सदोष निघतो. शब्दखेळाची खरी परंपरा आपल्याकडे वृत्तपत्रांतल्या कोड्यांत, शाळांच्या स्नेहसंमेलनांत, गणेशोत्सवातल्या आणि वाचनालयांच्या स्पर्धांत आहे. तिथे वादाला दोन जागा कायम तयार असतात. पहिली लेखनाची. मराठी कोड्यात एका घरात काना, मात्रा, वेलांटीसह संपूर्ण अक्षर बसते. साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या नियमांनुसार एकटा शब्द ‘गुरू’ असा दीर्घ लिहायचा, समासात मात्र ‘गुरुकृपा’ असा ऱ्हस्व. कोडे रचणाऱ्याने ‘गुरु’ आणि ‘रुमाल’ एकाच घरात छेदले, तर नियम पाळणारा विद्यार्थी अडतो आणि न पाळणारा सुटतो. दुसरी जागा बोलीची. ‘लहान जलप्रवाह, दोन अक्षरे’ या सूत्राला ‘ओढा’ आणि ‘नाला’ बसतात, आणि रत्नागिरीच्या मुलाला आधी ‘व्हाळ’ सुचतो. ‘घरापुढची मोकळी जागा’ म्हटले की कोकणात ‘खळे’ हे सरळ उत्तर आहे. घाटावर खळे म्हणजे मळणीची जागा. छेदणाऱ्या शब्दांनी एकच उत्तर पक्के होत नसेल, तर असे कोडे १९५७ च्या निकालातल्या, संपादकाकडे ठेवलेल्या उत्तराच्या कोड्यासारखेच होते. कौशल्य संपते आणि रचणाऱ्याच्या मनातले ओळखणे सुरू होते.

सर्व बोलींचे शब्द स्वीकारायचे ठरवले तर स्पर्धाच उरणार नाही, कुणीही काहीही लिहील आणि आमच्याकडे असेच म्हणतात असे सांगेल, ही भीती बोलून दाखवली जाते. ती निराधार आहे असे मी म्हणणार नाही. पण तिचे उत्तर आपल्या कोशकारांनी फार पूर्वी देऊन ठेवले आहे. मोल्सवर्थचा कोश १८३१ साली प्रसिद्ध झाला. दाते आणि कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश १९३२ ते १९३८ या काळात सात खंडांत आला. प्रमाण मराठीखेरीज प्रांतोप्रांतीचे शब्द त्यांनी टिपले, आणि दाते-कर्व्यांनी तर कोकण, वऱ्हाड, गोमंतक असे ठिकाणही संक्षेपाने नोंदवले. म्हणजे बोलीचा शब्दही पुराव्याने सिद्ध करता येतो. हे दोन्ही कोश आज मोबाइलवर उघडता येतात, त्यामुळे तालुक्याच्या गावातल्या परीक्षकालाही पडताळणीला दोन मिनिटे पुरतात. हे कोश जुने आहेत, नव्या शब्दांना ते अपुरे पडतील, हे खरे. तिथे स्पर्धेने आणखी एखादा आधार आधीच जाहीर करावा. आधार अपुरा असला तरी तो सर्वांना सारखाच अपुरा असतो. परीक्षकाची व्यक्तिगत सवय मात्र त्याच्या गावच्या, त्याच्या शाळेच्या स्पर्धकाला नकळत झुकते माप देते.

आपल्या स्पर्धांच्या पत्रकांत ‘परीक्षकांचा निर्णय अंतिम राहील’ हे वाक्य असतेच. ते काढून टाका असे माझे म्हणणे नाही. कुठेतरी थांबायला हवे, आणि थांबण्याचा अधिकार कुणाला तरी द्यायलाच हवा. मात्र अंतिम असणे आणि कारण न सांगणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सर्वोच्च न्यायालयाचा निकालही अंतिम असतो, तरी तो कारणांसह लिहिलेला असतो, म्हणूनच तो इतक्या वर्षांनीही वाचून त्याच्याशी वाद घालता येतो. स्पर्धांनी करायचे ते थोडेच आहे. कोणता कोश आणि कोणते लेखननियम मानले जातील ते प्रवेशिकेवर छापावे. एका सूत्राला कोशाच्या आधाराने दोन शब्द बसत असतील तर दोन्हींना गुण द्यावेत. बक्षीस समारंभाआधी हरकतीसाठी ठरावीक वेळ ठेवावा आणि हरकत फेटाळताना एका वाक्यात कारण सांगावे. हा केवळ खेळ आहे, एवढा खटाटोप कशाला, असे कुणी विचारील. या स्पर्धांत बहुतांश शाळकरी मुले भाग घेतात, आणि आपल्या घरातला शब्द व्यासपीठावर चूक ठरला की तो शब्द कायमचा टाकून द्यायला ती शिकतात. कारण सांगून नाकारलेला शब्द मूल कोशात शोधायला जाते. विनाकारण नाकारलेला शब्द ते लपवू लागते. मराठीच्या भवितव्याची चिंता करणाऱ्या प्रत्येक मंडळाने आपल्या पुढच्या स्पर्धेचे पत्रक छापण्याआधी या फरकाचा विचार करावा, कारण भाषेवरचा विश्वास अशाच छोट्या निकालांतून वाढतो किंवा झिजतो.